मंडईचा ठराव

ज्या कामासाठी लोक मला अजून नावाजतात, त्याच कामाची मला किळस येते. कोणी कौतुक करायला लागलं की मी विषय बदलते. लोकांना तो विनय वाटतो.

मी आर्किटेक्ट आहे. माहेर धुळ्याचं, ऑफिस जळगावला. मंडईचं गाव या दोन शहरांच्या मधलं आहे, त्याचं नाव मी सांगणार नाही. तिथल्या नगरपालिकेच्या मालकीची एक जुनी भाजी मंडई होती. गंजलेले पत्रे, खाली सिमेंटचे चाळीसेक ओटे आणि प्रत्येक ओट्यावर एक बाई. कडेला दोन-चार पुरुषही बसायचे, पण मंडई बायकांचीच होती. ती पाडून तिथे मोठी इमारत बांधायची असा प्रस्ताव होता. खाली ओटे आणि दुकानं, मधल्या मजल्यांवर दवाखाने आणि ऑफिसं, वर राहायचे फ्लॅट. जागा पालिकेची, बांधणार एक खासगी बिल्डर. त्यांना गावात सगळे शेठ म्हणत, मीही शेठच म्हणते. नकाशे काढायचे आणि पालिकेच्या सभेत मंजूर करून आणायचे, हे काम माझ्याकडे आलं.

पहिल्यांदा गेले ती एप्रिलमध्ये, मोजमापं घ्यायला. ऊन इतकं होतं की टेपची पट्टी हाताला चटके देत होती. मी सकाळपासून बाटलीभर पाणी प्यायले होते. अकराच्या सुमाराला मला जायची गरज वाटली. समोरच्या ओट्यावर साठीच्या पुढची एक बाई मेथीच्या जुड्या बांधत होती. सगळ्या तिला अक्का म्हणत होत्या, म्हणून मीही म्हटलं, "अक्का, इथे बायकांसाठी संडास कुठे आहे?"

ती हसली नाही. शेजारणीला ओट्याकडे लक्ष ठेवायला सांगून उठली आणि मला मंडईच्या मागे घेऊन गेली. तिथे कधीकाळी तेलाची गिरणी होती. आता तीन पडक्या भिंती उरल्या होत्या आणि चौथ्या बाजूला कोणीतरी जुनं लुगडं ताणून बांधलं होतं. लुगड्यापलीकडे काय होतं ते सभ्य शब्दांत सांगता येत नाही. वाळलेल्यावर ओलं, ओल्यावर माश्या. पाय ठेवायला दोन विटा होत्या आणि त्या विटांवरही पाय ठेवायला जागा नव्हती. कोपऱ्यात एक डुक्कर तोंड घालून उभं होतं, आम्हाला पाहूनही हललं नाही.

मी तशीच परत फिरले आणि भिंतीला हात टेकून ओकले. अक्काने भाजीवर मारायच्या पाण्याची बाटली आणली, माझ्या हातावर पाणी घातलं, तोंड धुवायला लावलं.

"तुम्ही रोज इथे जाता?" मी विचारलं.

"आम्ही पाणीच पेतस नही, बाई," ती म्हणाली. "पाणी पिदं नही म्हणजे जावानं कामच पडत नही."

सकाळी सहाला आपापल्या खेड्यातून निघायचं, दुपारी दोन-तीनला परतायचं, आणि तोवर घोटभरही पाणी प्यायचं नाही. चाळीस बायका, कित्येक वर्षं. यातल्या किती जणींना त्यामुळे काय काय दुखणी लागली असतील, ते मी विचारलं नाही. मला तिथून निघायचं होतं.

एवढं मात्र खरं की जळगावला आल्यावर त्या नकाशावर मी सगळ्यात आधी काढलं ते बायकांचं प्रसाधनगृह. दुकानं नाही, जिना नाही, आधी ते. रस्त्याच्या बाजूचा कोपरा निवडला, म्हणजे वारा येईल आणि नळ बाहेरून दिसेल. सहा खोल्या, बाहेर हात धुवायची मोरी, आणि दार थेट ओट्यांच्या बाजूला. बाकीची इमारत मी त्याच्याभोवती बसवली. मला स्वतःचा अभिमान वाटला होता.

शेठ हे वाईट बोलणारे गृहस्थ नाहीत. आवाज कधी चढत नाही, मला बसायला आधी खुर्ची देतात आणि मगच स्वतः बसतात. नकाशा बराच वेळ पाहिला, मग त्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"मॅडम, इथे संडास?"

"बायकांना जवळ पडेल."

"कोपरा म्हणजे बिल्डिंगचा चेहरा असतो. येणाऱ्या-जाणाऱ्याला आधी संडास दाखवायचा का? मागे घ्या. काढा म्हणत नाही मी, मागे घ्या फक्त."

मी ते तिथेच, त्यांच्यासमोर, लॅपटॉपवर उचललं आणि मागे ठेवलं. अर्धं मिनिट लागलं असेल. मागे म्हणजे वरच्या फ्लॅटवाल्यांचं पार्किंग. पार्किंग आणि मंडई यांच्यामध्ये भिंत होती, अखंड, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. पार्किंगचं गेट मागच्या गल्लीत, त्यावर वॉचमन. म्हणजे ओट्यावरच्या बाईला संडासला जायचं तर मंडईतून बाहेर पडून इमारतीला वळसा घालून गल्लीत जावं लागणार होतं, आणि तिथे वॉचमनने आत सोडलं तर. नकाशावर मात्र सगळं ठीक होतं. खोल्या तितक्याच, क्षेत्रफळ तितकंच, शब्दही तेच, 'महिला प्रसाधनगृह'. संडास आहे का आणि किती खोल्यांचा आहे, एवढंच छाननीच्या तक्त्यात विचारतात. तिथवर जायचं कसं, हा रकानाच त्यात नसतो.

"या भिंतीत एक दार ठेवू," मी म्हटलं.

"बघू ना पुढे," शेठ म्हणाले. मीही म्हटलं, बघू पुढे.

पालिकेच्या सदस्यांची मुदत त्या वर्षी संपत होती. निवडणुका लांबणार, प्रशासक बसणार, हे सगळ्यांना कळून चुकलं होतं. त्यामुळे जे काही मंजूर करायचं ते शेवटच्या सभेत, अशी घाई होती. ओटेवाल्यांनी मोर्चा आणला असता तर विषय मागे पडला असता. म्हणून पालिकेच्या इंजिनिअरसाहेबांनी सुचवलं की बायकांची लेखी संमती फाइलला लावा, म्हणजे सभेत कोणी तोंड उघडणार नाही. शेठ माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही बाई आहात. तुमचं ऐकतील."

मी हो म्हटलं. कोणी जबरदस्ती केली नाही, कोणी धमकावलं नाही. मला ते काम मंजूर झालेलं हवं होतं. तोवर मी बंगले आणि शाळांच्या खोल्या काढत होते. इतकं मोठं काम पहिल्यांदाच हातात आलं होतं.

पुढचं सांगताना अजूनही माझ्या अंगावर शहारा येतो. माझ्या आईचं माहेर पिंपळनेरकडचं. घरात ती अहिराणीच बोलायची. मला येते, पण कॉलेजात गेल्यापासून मी ती बोलणं सोडलं होतं. ऑफिसात, साइटवर, अगदी नातेवाइकांतही मी शुद्ध मराठी बोलते. त्या दिवशी मात्र मी नेहमीचा कुर्ता घातला नाही, सुती साडी नेसले, मंडईत ओट्याच्या कडेला बायकांमध्ये जाऊन बसले आणि अहिराणीत सुरुवात केली. "बठ्ठासले ओटा भेटी," म्हटलं, सगळ्यांना ओटा मिळेल. बायकांचे चेहरे एकदम सैल झाले. एक जण म्हणाली, ही तर आपलीच निघाली. कोणीतरी माझ्यापुढे काकडी कापून ठेवली.

मी रंगीत चित्र दाखवलं. कॉम्प्युटरवर केलेलं. स्वच्छ ओटे, पांढऱ्या फरश्या, वर पंखे, हिरवी भाजी. मागची भिंत त्या चित्रात येणार नाही असा कोन मी निवडला होता. बायका खूश झाल्या. फक्त अक्का चित्राकडे बघत नव्हती. बाजूला गुंडाळून ठेवलेल्या मूळ नकाशाकडे तिचं लक्ष होतं. तो उघडायला लावला. तिला वाचता येत नव्हतं.

"मना ओटा कोठे शे?"

मी दाखवला.

"आनि संडास?"

तोही दाखवला.

तिने आपलं बोट पुढे केलं. वाळलेलं, चिरा पडलेलं, मेथीच्या मातीने काळं झालेलं. "मनं बोट धर," म्हणाली. "आते माले तठलोंग ली चाल." माझं बोट धर आणि मला तिथवर घेऊन चल.

मी तिचं बोट धरलं. तिच्या ओट्यापासून निघालो, ओट्यांच्या रांगेतून मागे गेलो, आणि भिंतीपाशी आलो. नकाशात भिंत जाड काळ्या रेघेने दाखवतात. मी थांबले नाही. तिचं बोट धरून मी ती रेघ तशीच ओलांडली.

ती थांबली. बोट मागे घेऊन रेघेवर ठेवलं. "ही काळी रेघ काय शे?"

सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. मी म्हटलं, "आठे दार राही, अक्का." इथे दार असेल.

"करी देशी ना?"

"करी देसू."

अक्काने पहिला अंगठा दिला. मग बाकीच्यांनी, कोणी अंगठा, कोणी सही. पंधरा-वीस मिनिटांत कागद भरला. तेवढ्या वेळात कोणी चित्राकडे, नकाशाकडे दुसऱ्यांदा पाहिलंही नाही. गाडीत बसल्यावर माझ्या बोटांना मेथीचा वास येत होता. तो मला सहन होईना. पेट्रोल पंपावर उतरून मी साबणाने हात धुतले.

सभा पालिकेच्या सभागृहात झाली. विषयपत्रिकेवर इतके विषय होते की सचिव ते वाचत नव्हते, फक्त क्रमांक पुकारत होते. प्रत्येक क्रमांकाला "मंजूर, मंजूर" असा आवाज यायचा. कचोरीच्या प्लेटा फिरत होत्या आणि हिरव्या चटणीचे डाग ठरावांच्या प्रतींवर पडत होते. आमचा विषय मोठा, म्हणून मला पाच मिनिटं बोलायला दिली. मी पडद्यावर तेच चित्र दाखवलं. एकाने विचारलं की इमारतीला लिफ्ट किती. दुसऱ्याने विचारलं की दर्शनी भागाला जो रंग दाखवलाय तो बदलता येईल का, कारण तो विरोधी पक्षाच्या झेंड्यासारखा दिसतो. त्यावर दहा मिनिटं वाद झाला. शेवटी बदामी रंग ठरला.

मग मागच्या रांगेतल्या एक सदस्या उभ्या राहिल्या. पहिल्यांदाच निवडून आलेल्या असाव्यात, प्रश्न कागदावर लिहून आणला होता. म्हणाल्या, "मॅडम, भाजी विकणाऱ्या महिलांसाठी प्रसाधनगृहाची सोय आहे का?"

सगळ्या सभागृहात माझ्या कामाचा प्रश्न विचारणाऱ्या त्या एकट्याच होत्या. मी तेव्हा म्हणू शकले असते की आहे, पण भिंतीत दार लागेल, तशी अट ठरावात घाला. एक वाक्य पुरलं असतं. ठराव तरीही मंजूर झाला असता, असं आज मला जवळजवळ खात्रीने वाटतं. पण समोर शेठ बसले होते आणि ते माझ्याकडे बघत होते.

"आहे," मी म्हटलं. "नियमाप्रमाणे सहा खोल्या आहेत." आणि लेसरचा लाल ठिपका त्या चौकोनावर फिरवला.

"धन्यवाद," म्हणून त्या खाली बसल्या. बाकं वाजली. ठराव सर्वानुमते मंजूर.

त्या हिवाळ्यात शेठच्या मळ्यात भरीत पार्टी झाली. आमच्याकडे काम फत्ते झालं की भरीत. तुरीच्या वाळल्या काड्यांवर भाजलेली मोठी हिरवी वांगी, ज्वारी-उडदाच्या पिठाची कळण्याची पुरी, मिरचीचा ठेचा. शेठनी मला शाल आणि नारळ दिला. इंजिनिअरसाहेबांनी चार शब्द बोलायचं ठरवलं आणि म्हणाले, "खरं श्रेय मॅडमचं. एका बैठकीत चाळीस बायका गुंडाळल्या. आमच्या सगळ्या ऑफिसला जमलं नसतं."

सगळे मनापासून हसले. त्यात कुचेष्टा नव्हती, शाबासकी होती, आणि तेच मला सहन होत नव्हतं. माझ्या तोंडात घास होता. तो गिळावा की थुंकावा कळेना. गिळला. नंतर आग्रह झाला तेव्हा आणखी एकदा वाढूनही घेतलं. हे लिहायची लाज वाटते, पण भरीत चवीला उत्तम होतं.

बांधकाम सुरू झालं, बायकांना तात्पुरतं बसस्टँडमागच्या मैदानात बसवलं. भिंत उभी राहायला लागली तसं मी शेठना दाराची आठवण केली. एकदा, दोनदा, तीनदा. तिसऱ्यांदा ते नेहमीच्या मऊ आवाजात म्हणाले, "मॅडम, फ्लॅट घेणाऱ्यांना मी काय सांगून फ्लॅट दिलेत? बाजारातलं कोणी आत येणार नाही, हेच ना? दार पाडलं तर ते मला विचारतील."

तेव्हा मला कळलं की ती भिंत चुकून राहिलेली नव्हती. वरचे फ्लॅट त्या भिंतीच्या जिवावरच विकले गेले होते.

मी इंजिनिअरसाहेबांकडे गेले. तोवर प्रशासक आले होते, सदस्य घरी बसले होते. साहेबांनी फाइल मागवली, मंजूर नकाशा माझ्यापुढे पसरला. "मंजुरीत दार आहे का?"

"नाही."

"नकाशा कोणाचा?"

 खाली माझी सही होती.

इमारत पुरी झाल्याच्या दाखल्यावर आर्किटेक्टची सही लागते. मी ती केली नाही, महिनाभर टाळत राहिले. शेठनी वाद घातला नाही, दुसरा आर्किटेक्ट नेमला आणि त्याने सही केली. काही मैत्रिणींना ही गोष्ट सांगितली तेव्हा त्या म्हणाल्या, तू निदान सही तरी नाही केलीस. या 'निदान'ची मला जास्त शिसारी येते. जिथे सहीची किंमत होती तिथे ती मी देऊन बसले होते.

मंडई नव्या इमारतीत सुरू झाल्यावर मी अक्काकडे गेले. ओटा पांढऱ्या फरशीचा होता, पंखा फिरत होता, सगळं चित्रातल्यासारखं. ती कोथिंबीर निवडत होती. मी तिच्याशी शुद्ध मराठीत बोलले, अहिराणी तोंडातून फुटेचना.

"अक्का, त्या भिंतीत दार नाही. नकाशात ते नव्हतंच, आणि हे मला तेव्हाही माहीत होतं."

तिने मान वर केली नाही. पिवळी पानं बाजूला काढत राहिली. मग म्हणाली, "तू आम्हनी बोलीमा बोलनी, म्हणीसन मी अंगठा दिना. मना मांगे बठ्ठीस्नी दिना."

मी आमच्या बोलीत बोलले म्हणून तिने अंगठा दिला, आणि तिच्या मागोमाग सगळ्यांनी.  मी तिथेच उभी राहिले.

"काही लेवानं व्हई ते ले," ती म्हणाली, "नही ते बाजू व्हय. गिऱ्हाईक उभं शे."

मी बाजूला झाले.

त्यानंतर दोनेक महिन्यांनी इंजिनिअरसाहेबांचा फोन आला. हसत होते. म्हणाले, तुमच्या बायकांनी कमाल केली. वॉचमन आत सोडत नव्हता, म्हणून सकाळी सातला चाळीस जणी आपापल्या टोपल्या घेऊन मागच्या गल्लीत गेल्या आणि पार्किंगच्या गेटसमोर दुकान मांडून बसल्या. वांगी, भेंडी, टोमॅटो, सगळं रस्त्यावर. फ्लॅटवाल्यांच्या गाड्या आत अडकल्या. कोणाला ऑफिस, कोणाला शाळा. कोणी ओरडलं तर बायका भाव सांगायच्या. वॉचमनने टोपलीला हात लावला तेव्हा अक्का त्याच्याकडे नुसती बघत राहिली आणि त्याने हात काढला. साडेनऊला सोसायटीच्या लोकांनी हार मानली. गेटच्या बाजूच्या छोट्या फाटकाची एक किल्ली बायकांना दिली. ती किल्ली आता अक्काच्या कमरेला असते.

साहेबांना ही गंमत वाटत होती. मी फोन ठेवला. मला बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. माझ्या नकाशाने चाळीस बायकांना रस्त्यावर बसवलं, तेव्हा कुठे त्यांना लघवीला जायला मिळालं. त्यातही अजून इमारतीला वळसा घालूनच जायचं, आणि नळाला पाणी एक दिवसाआड. सोसायटीने आता पालिकेला अर्ज दिलाय की पार्किंगमध्ये परक्या लोकांचा वावर होतो, किल्ली परत घ्या. अर्जाला मंजूर नकाशाची प्रत जोडली आहे, त्यात मंडईतून यायला वाट दाखवलेली नाही.

हे कळल्यावर मी एक निवेदन लिहिलं. संमती घेताना दाराचं आश्वासन मी दिलं होतं, नकाशात ते नाही हे मला ठाऊक होतं, आणि सभेत प्रश्न आला तेव्हाही मी ते लपवलं, असं तीन परिच्छेदांत. पालिकेत नव्याने आलेल्या अधिकारी बाईंनी ते दोनदा वाचलं.

"हे तुम्ही स्वतःविरुद्ध लिहून देताय. कळतंय ना?"

"कळतंय."

"याचा उपयोग होईलच असं नाही."

"तेही कळतंय."

आवक विभागात शिक्का मारून त्यांनी मला पोच दिली. शेठ तेव्हापासून माझा फोन घेत नाहीत. शेजारच्या तालुक्यातल्या ज्या कामाची बोलणी चालू होती ती थांबली. निवेदनाला अजून उत्तर नाही.

अक्काला मी यातलं काही सांगितलेलं नाही. सांगायला गेले तर पुन्हा तिच्याकडून काहीतरी मागायलाच जाईन, निदान एक बरा शब्द तरी. तेवढं मागायचं नाही, हे मी ठरवलं आहे.